पेढीवरील नेतृत्वाची घडवणूक

भांडवल, माल आणि पत या तिहींवाचून व्यापार चालत नाही, हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच. यांपैकी भांडवल आज बँकेकडून मिळू शकते. माल दूरध्वनीवरून मागविला तरी चार दिवसांत वखारीत येऊन पडतो. आणि सचोटीने वागणाऱ्यास पतही कालांतराने लाभते. परंतु चौथी एक गोष्ट अशी आहे की, जिच्या अभावी या तिन्ही व्यर्थ ठरतात. ती म्हणजे जबाबदारी अंगावर घेणारा माणूस. व्यापाऱ्यांच्या कोणत्याही बैठकीत घटकाभर बसले असता ‘माणसे मिळत नाहीत’ हे वाक्य कानी पडल्यावाचून राहत नाही. नोकर मिळतात, हिशेबनीस मिळतात, पदवीधरही मिळतात; परंतु मालक परगावी गेला असता पेढीचा गाडा सांभाळील, अडल्या वेळी निर्णय घेईल आणि त्या निर्णयाचे उत्तरदायित्वही पत्करील, असा माणूस दुर्मीळ, अशी ही तक्रार असते.

तक्रार खरी आहे. परंतु तिच्या मुळाशी एक गैरसमज आहे, असे आम्हांस वाटते. असा माणूस बाजारात तयार मिळतो, तो हुडकून आणावयाचा एवढेच काय ते काम, अशी आपली समजूत असते. नेतृत्व हा उपजत गुण की शिकविता येण्याजोगी विद्या, हा वाद फार जुना आहे व त्यात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. गेल्या शंभर वर्षांत निरनिराळ्या ठिकाणच्या कारखान्यांनी आणि कंपन्यांनी माणसे घडविण्याचे जे प्रयत्न केले, त्यांतून काय निष्पन्न झाले हे पाहावे, आणि त्यातले आपल्या पेढीच्या उपयोगी पडेल ते निवडून घ्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

जुनी उमेदवारी

आपल्या पेढ्यांवर माणूस तयार करण्याची एक पद्धत पूर्वापार होती. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा उमेदवार म्हणून पेढीवर येई. प्रथम झाडलोट व पाणी भरणे, मग पत्रांच्या नकला करणे, मग वखारीत तोलाईपाशी उभे राहणे, त्यानंतर उधारीची वसुली आणि अखेरीस रोजकीर्द व खतावणी, अशा पायऱ्या तो चढत जाई. दिवाणजींची नजर त्याच्यावर असे. दहा-बारा वर्षांत तो पक्का गुमास्ता होई, आणि अंगी चमक असल्यास दिवाणजी किंवा भागीदारही होई.

या पद्धतीत एक मोठा गुण होता. विद्या आणि काम यांची त्यात फारकत नव्हती. मुलगा जे शिके ते प्रत्यक्ष व्यवहारात शिके. परंतु तिच्यातील उणिवाही दृष्टिआड करून चालणार नाही. एक तर मुलाने पाहून शिकावे अशी अपेक्षा असे. त्याला बसवून समजावून सांगण्याची रीत क्वचितच असे. दुसरे असे की, व्यवहारातील खरे मर्म दिवाणजी बहुधा स्वतःपाशीच राखीत. आपली गरज संपू नये ही स्वाभाविक भीती त्यामागे असे. तिसरे, ही संधी घरच्या आणि नात्यातल्या मुलग्यांपुरतीच असे. मुलींना ती नव्हतीच. आणि चौथी उणीव सर्वांत महत्त्वाची. मुलगा काम शिके, पण निर्णय घेण्यास शिकत नसे, कारण निर्णय गादीवर बसणाऱ्याचा असे. गादी रिकामी होई त्या दिवशी वारसाला आयुष्यातील पहिला मोठा निर्णय घ्यावा लागे, तोही सल्ला देणारे माणूस गेल्यावर. चांगल्या चालत्या पेढ्या दुसऱ्या पिढीत मंदावल्याची उदाहरणे ज्या वाचकांच्या माहितीत असतील, त्यांनी कारणे तपासून पाहावीत. पैशाची टंचाई किंवा बाजाराची उलटी चाल हे कारण दरवेळी आढळणार नाही.

‘कोचिंग’ म्हणजे काय?

आज या विषयासंबंधी ‘कोचिंग’ हा शब्द सर्वत्र ऐकू येतो. आपल्याकडे हा शब्द उच्चारताच परीक्षेची तयारी करून घेणारे वर्ग डोळ्यांपुढे येतात. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. या शब्दाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. हंगेरी देशात ‘कोच’ नावाचे गाव आहे. तेथे बनणाऱ्या घोडागाड्यांवरून प्रवासी गाडीला युरोपातील अनेक भाषांत त्याच वळणाचे नाव पडले. पुढे १८३० च्या सुमारास ऑक्सफर्डचे विद्यार्थी खाजगी शिक्षकास थट्टेने ‘कोच’ म्हणू लागले. परीक्षेच्या पैलतीरी वाहून नेणारी गाडी, असा त्यात विनोद होता. तेथून तो शब्द खेळाच्या मैदानावर गेला आणि मैदानावरून कचेरीत आला.

कचेरीतील त्याचा अर्थ थोडक्यात असा सांगता येईल: हाताखालच्या माणसाचे काम जवळून पाहणे, त्याला विचार करावयास लावणारे प्रश्न विचारणे, झालेल्या कामाविषयी स्पष्ट पण हितबुद्धीने बोलणे, आणि त्याच्या आवाक्याहून किंचित मोठे काम त्याच्यावर सोपवून पाठीशी उभे राहणे. आम्ही यास ‘घडवणूक’ असे म्हणू. हुकूम दिल्याने काम होते. सल्ला दिल्याने अडचण सुटते. घडवणुकीने पुढची अडचण माणूस आपली आपण सोडवू लागतो. या तिहींतील भेद ध्यानात ठेवला म्हणजे पुढील विवेचन समजण्यास सुलभ जाईल.

युद्धकाळातील एक धडा

या विषयाचा मोठ्या प्रमाणावरील प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत झाला. अनुभवी कामगार सैन्यात जात होते आणि कारखान्यांत शेती, दुकाने व घरे सोडून आलेली नवखी माणसे भरली जात होती. त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. या लोकांना त्वरित शिकवावे कोणी? यासाठी ऑगस्ट १९४० मध्ये ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाची सरकारी योजना सुरू झाली. शाळा काढण्याऐवजी प्रत्येक कारखान्यातील मुकादमालाच शिक्षक करावयाचे, हे तिचे मुख्य सूत्र होते.

आरंभीच एक बिकट प्रश्न तिच्यापुढे आला. सरकारी शस्त्रागारांना भिंगे घासणारे कारागीर हवे होते, आणि असा कारागीर तयार होण्यास पाच वर्षे लागतात अशी सर्वांची समजूत होती. योजनेतील माणसांनी त्या कामाचे बारकाईने पृथक्करण केले. कसबी कारागिरांचा बराच वेळ फारसे कौशल्य न लागणाऱ्या कामात जात असल्याचे आढळले. ती कामे इतरांकडे सोपविली आणि उरलेल्या खऱ्या कौशल्याच्या कामाचे शिक्षण पद्धतशीर बांधले, तेव्हा पाच वर्षांची मुदत काही महिन्यांवर आली. ‘हे काम अंगात मुरावेच लागते’ असे आपण ज्या ज्या कामाविषयी म्हणतो, त्यांपैकी कितींचे असे पृथक्करण आपण केले आहे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारण्यासारखा आहे.

शिकविण्याची त्यांची रीत चार पायऱ्यांची होती. प्रथम शिकणाऱ्याची मनोभूमी तयार करावयाची; त्याला किती येते हे विचारावयाचे व त्याची भीती घालवावयाची. नंतर काम करून दाखवावयाचे, एका वेळी एकच टप्पा, आणि प्रत्येक टप्प्यातील कळीचा मुद्दा व त्यामागील कारण सांगावयाचे. मग त्याच्याकडून ते करवून घ्यावयाचे व करता करता ‘हे असे का?’ हे त्याच्याच तोंडून वदवावयाचे. अखेर त्याला कामावर सोडून, अडल्यास कोणाकडे जावे हे सांगून, प्रथम वारंवार आणि पुढे विरळ अशी देखरेख ठेवावयाची. या चार पायऱ्यांची मूळ मांडणी चार्ल्स अ‍ॅलन या शिक्षणतज्ज्ञाने पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामगारांसाठी केली होती व १९१९ च्या आपल्या ग्रंथात ती नमूद केली होती. शिकणारा शिकला नाही तर दोष शिकविण्यात शोधावा, हे या पद्धतीचे ब्रीद होते.

योजनेचा दुसरा भाग माणसांशी वागण्याविषयी होता, आणि नेतृत्वाच्या दृष्टीने तो अधिक मोलाचा. मुकादमास चार गोष्टी शिकविल्या जात: काम कसे चालले आहे हे प्रत्येकास वेळोवेळी सांगावे, चांगल्या कामाचे श्रेय तेथल्या तेथे द्यावे, ज्या बदलाचा परिणाम एखाद्यावर होणार असेल तो त्याला आगाऊ कळवावा, आणि प्रत्येकाच्या अंगी असलेल्या सामर्थ्याचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. हे सर्व शिकविण्यासाठी दहा-दहा जणांचे गट करून दोन-दोन तासांच्या पाच बैठका घेत. १९४५ मध्ये योजना संपली, तोपर्यंत साडेसतरा लाखांहून अधिक माणसांनी हे शिक्षण पुरे केले होते. हा आकडा गाठता आला तो एका युक्तीने: थोड्यांनी अनेकांना शिकवावे, त्यांनी आणखी अनेकांना शिकवावे, अशी ती साखळी होती.

युद्धानंतर अमेरिकेत या योजनेचा बराचसा विसर पडला. जपानने मात्र ती उचलली. टोयोटा कंपनीने १९५० च्या दशकाच्या आरंभी ती स्वीकारून आपल्या कार्यपद्धतीत मुरविली. तेथील तैइची ओनो हे विख्यात अभियंते नव्या अधिकाऱ्यास कारखान्याच्या जमिनीवर खडूने आखलेल्या वर्तुळात उभे करीत आणि काय दिसते ते पाहावयास सांगत, अशी आठवण सांगितली जाते. काही काळाने येऊन ‘काय पाहिलेस?’ एवढेच विचारावयाचे. उत्तर आयते द्यावयाचे नाही. वरिष्ठाला उत्तर ठाऊक असूनही तो ते सांगत नाही, यातच त्या शिक्षणाचे मर्म आहे.

आपल्या परिसरातील दोन दाखले

परदेशाचीच उदाहरणे कशास, असे कोणी म्हणेल. बेळगावकरांना तरी लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव सांगावयास नको. १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. तेथून येऊन त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान, पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर असा व्याप वाढविला. १९१० मध्ये बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या अधिपतींनी कुंडलजवळ दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या माळावर निष्णात अभियंते येणार कोठून? जी माणसे हाती लागली त्यांनाच लक्ष्मणरावांनी घडविले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक यंत्रज्ञ झाले. दरोड्याबद्दल शिक्षा झालेल्या माणसांना वसाहतीचे राखणदार नेमले, आणि तेच विश्वासाचे पहारेकरी ठरले. माणसाच्या गतायुष्यापेक्षा त्याच्या हातून पुढे काय होऊ शकेल याकडे पाहण्याची ही दृष्टी होती.

दुसरा दाखला सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या क्षेत्रातला. १९१९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. जहाज विकत घेता आले. परंतु ते चालविणारे भारतीय अधिकारी आणावयाचे कोठून, हा प्रश्न होता. भारतीय तरुणांस व्यापारी जहाजांवरील अधिकारी करण्यासाठी १९२७ मध्ये मुंबईस ‘डफरिन’ हे शिक्षणजहाज सुरू झाले. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की, शिक्षणजहाजावरील अभ्यास पुरा होताच कोणी कप्तान होत नसे. त्यानंतर प्रत्यक्ष समुद्रावर वरिष्ठांच्या देखरेखीखाली ठरावीक काळ काढावा लागे, मग परीक्षा, मग पुन्हा समुद्र. प्रत्येक पायरीला थोडा अधिक अधिकार आणि पाठीशी एक जाणता माणूस, ही रचना दर्यावर्दी जगाने फार पूर्वीच ओळखली आहे.

प्रश्नांची चौकट

कचेरीतील वरिष्ठाने हाताखालच्यास घडविणे हे त्याचे मुख्य कर्तव्य होय, हा विचार हार्वर्डचे मायल्स मेस यांनी १९५० मध्ये आपल्या ग्रंथात मांडला होता. परंतु त्याला नवे वळण लागले ते टेनिसच्या मैदानावरून. टिमोथी गॅलवे या टेनिसशिक्षकाने १९७४ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात असे प्रतिपादिले की, खेळाडूला सूचनांचा भडिमार करण्याऐवजी चेंडूकडे नीट पाहावयास लावले, तर तो आपली चूक आपणच सुधारतो. कारण त्याचा खरा प्रतिस्पर्धी त्याच्या मनातली धास्ती हा असतो. गॅलवेंच्या विचारांवर पोसलेले इंग्लंडचे जॉन व्हिटमोर, जे एके काळी मोटारशर्यतीतील खेळाडू होते, त्यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथातून प्रश्नांची एक चौकट लोकप्रिय केली. तिचे चार भाग आहेत: काय साधावयाचे आहे, आज स्थिती काय आहे, कोणकोणते मार्ग उपलब्ध आहेत, आणि यांपैकी नेमके काय, केव्हा करणार.

हे आपल्या व्यवहारात कसे बसते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. बेळगावच्या एका पेढीची निपाणीस शाखा आहे, असे समजा. शाखेचा कारभारी लहानपणापासून पेढीवर वाढलेला. तो मालकांस विचारतो, “अण्णा, त्या दुकानदाराकडे चार लाख थकले आहेत आणि दिवाळीसाठी तो आणखी तीन लाखांचा माल मागतो आहे. द्यावा की न द्यावा?” अण्णांना उत्तर अर्ध्या मिनिटात देता येईल. परंतु ते विचारतात, “आपल्याला मुळात काय हवे आहे, गिऱ्हाईक की बाकी?” कारभारी थोडा थांबून म्हणतो, “दोन्ही. पण आधी बाकी.” “बरे. त्याची आजची स्थिती तुला किती ठाऊक आहे?” येथे कारभाऱ्याच्या ध्यानात येते की, थकबाकी किती महिन्यांची हे त्याला माहीत आहे; परंतु ती का थकली, इतरांचेही पैसे थकले आहेत काय, दुकानाचा खप घटला आहे की पैसा दुसरीकडे गुंतला आहे, यांपैकी काहीच त्याने पाहिलेले नाही. तो चार दिवसांची मुदत मागून घेतो. चौकशीअंती कळते की, दुकानाचा खप चांगला आहे. घरातील आजारपणात पैसा गेला. “मग मार्ग कोणते?” कारभारी तीन सांगतो: माल मुळीच न देणे, रोखीने देणे, किंवा एक लाखाचा माल उधार, बाकीचा रोख, आणि जुन्या बाकीचे चार हप्ते लेखी. “तू काय करशील?” “तिसरा मार्ग, अण्णा. पहिला हप्ता चुकला तर उधार बंद.” “ठीक. कधी बोलणार त्याच्याशी?” “उद्या सकाळी.”

निर्णय कदाचित तोच झाला, जो अण्णांनी अर्ध्या मिनिटात दिला असता. अण्णांचा वेळ मात्र अधिक गेला. परंतु पुढच्या थकबाकीच्या वेळी कारभारी चौकशी करूनच येईल. त्याच्या पुढच्या वेळी येणारही नाही, निर्णय करून केवळ कळवील. वेळेची ही गुंतवणूक आहे, आणि तिचे व्याज मिळण्यास वर्ष-दोन वर्षे लागतात.

अभ्यासकांचे निष्कर्ष

हे सर्व मनाचे समाधान आहे की याने खरोखर फरक पडतो, असा प्रश्न हिशेबी माणसास पडणारच. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगल कंपनीने २००२ मध्ये अभियंत्यांवरील मधले अधिकारी काढून टाकण्याचा प्रयोग करून पाहिला. काही महिन्यांतच तो सोडून द्यावा लागला, कारण किरकोळ तंट्यांपासून खर्चाच्या मंजुरीपर्यंत सर्व प्रश्न थेट मालकांच्या दारी येऊ लागले. पुढे २००८-०९ च्या सुमारास चांगला अधिकारी कोणत्या गुणांनी ओळखावा, याचा तिने स्वतःच्याच नोंदींवरून शोध घेतला. त्यातून आठ गुण निघाले. पहिला गुण हाताखालच्यांस घडविण्याची हातोटी हा होता. दुसरा, काम सोपविल्यावर ढवळाढवळ न करणे हा. तांत्रिक ज्ञान आठव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर आले. त्याच कंपनीच्या धुरीणांना वर्षानुवर्षे मार्गदर्शन करणारे बिल कॅम्बेल हे पूर्वी कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे शिक्षक होते. मैदानावर त्यांना फारसे यश लाभले नाही. परंतु २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा अमेरिकेतील अनेक नामांकित उद्योगपती त्यांना गुरुस्थानी मानीत होते.

अनेक अभ्यासांची एकत्र छाननी करणाऱ्या विद्वानांनी २०१४ आणि २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते घडवणुकीस अनुकूल आहेत. त्यांतील २०१६ च्या छाननीत असे आढळले की, बाहेरून आणलेल्या मार्गदर्शकापेक्षा संस्थेतीलच मार्गदर्शकाचा परिणाम अधिक होतो. लहान पेढ्यांच्या दृष्टीने ही मोठी दिलासा देणारी गोष्ट आहे. कारण मोठी फी घेणारे तज्ज्ञ बोलाविणे सर्वांस परवडत नाही, आणि त्यावाचून अडण्याचे कारणही नाही.

मात्र एक धोक्याची सूचना याच शास्त्राने दिलेली आहे. क्लुगर आणि डेनिसी या दोन संशोधकांनी १९९६ मध्ये, केलेल्या कामाविषयी माणसास अभिप्राय दिल्याने काय होते, याविषयीच्या शेकडो निरीक्षणांची छाननी केली. सरासरी लाभ दिसला खरा. पण एकतृतीयांशाहून अधिक प्रसंगी अभिप्राय दिल्यानंतर काम पूर्वीपेक्षा बिघडले! अभिप्रायाचा रोख कामावरून माणसाच्या स्वत्वाकडे वळला की परिणाम उतरतो, असे त्यांस दिसले. ‘तू आहेसच वेंधळा’ असे म्हटल्याने माणूस स्वतःचा बचाव करण्यात गुंततो; ‘या पट्टीत हमाली दोनदा लागली आहे, कशी लागली ते पाहू’ असे म्हटल्याने तो पट्टीकडे पाहतो. हा भेद वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु चार माणसांसमक्ष झालेला उपमर्द हुशार गुमास्ते विसरत नाहीत आणि संधी मिळताच पेढी सोडतात, हा अनुभव बहुतेकांच्या संग्रही असेल.

मर्यादा आणि पथ्ये

घडवणुकीचा उपाय सर्वत्र लागू पडतो, असे समजणे मात्र भाबडेपणाचे होईल. ज्याला खतावणी मुळीच येत नाही त्याला ‘तुझ्या मते ही रक्कम कोठे मांडावी?’ असे विचारणे म्हणजे त्याची थट्टा होय; त्याला प्रथम शिकविले पाहिजे. हर्सी आणि ब्लँचर्ड यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या विचाराचे सार हेच आहे की, माणसाच्या तयारीप्रमाणे वरिष्ठाने आपली रीत बदलावी: नवख्यास स्पष्ट सूचना, थोडे शिकलेल्यास समजावणी, बऱ्याच शिकलेल्यास पाठिंबा, आणि पूर्ण तयार झालेल्यास मोकळीक. गोदामात आग लागली असता प्रश्न विचारीत बसावयाचे नसते. तद्वतच अफरातफर हा घडवणुकीचा विषय नव्हे. तेथे चौकशी आणि निर्णय हाच मार्ग.

दुसरे पथ्य अधिकाराविषयी. अधिकार न देता जबाबदारी देणे हा आपल्याकडील नित्याचा दोष आहे. किती रकमेपर्यंत उधार देता येईल, किती सूट देता येईल, कोणती खरेदी विचारल्याविना करता येईल, हे लेखी ठरवून द्यावे. त्या मर्यादेत झालेले नुकसान हा शिक्षणाचा खर्च समजून पेढीने सोसावा. मर्यादा आधी ठरली म्हणजे नुकसानीचीही मर्यादा ठरते. मग मालकाला झोप लागते आणि कारभाऱ्याला धीर येतो. दिलेला निर्णय गिऱ्हाइकासमोर फिरविण्याचा मोह मालकाने कटाक्षाने टाळावा. तसे एकदा घडले की पुढची दहा प्रकरणे पुन्हा त्याच्याच गादीवर येतात.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, परंतु सांगितली पाहिजे. संधी कोणास द्यावयाची? कर्तबगार परका बाजूस ठेवून अनिच्छुक पुत्रास पुढे रेटणे पुत्राच्याही हिताचे नाही. घरातील कन्या आणि स्नुषा आज हिशेबशास्त्र, कायदा, संगणक या विषयांत पारंगत होऊन येतात. त्यांना कागदोपत्री भागीदार करून निर्णयाच्या वेळी बाहेर ठेवणे हा तर हाती आलेल्या भांडवलाचा अपव्ययच होय. तसेच बापाने मुलास घडविणे सर्वांनाच साधत नाही. जिव्हाळा आणि अपेक्षा दोन्ही आड येतात. अशा वेळी मुलामुलींनी वर्ष-दोन वर्षे दुसऱ्या पेढीवर उमेदवारी करावी, किंवा घरच्याच जुन्याजाणत्या दिवाणजींच्या हाताखाली राहावे, हे उत्तम.

कोठून आरंभ करावा?

वाचकांनी उद्यापासून करण्यासारख्या चारच गोष्टी सुचवून हे विवेचन पुरे करतो.

पहिली: एका कागदावर तक्ता आखावा. डाव्या बाजूस पेढीतील माणसांची नावे, वरच्या बाजूस कामे: खरेदी, प्रतवारी, वसुली, बँकेचा व्यवहार, जीएसटीची विवरणपत्रे, गिऱ्हाइकांच्या तक्रारी. कोणास कोणते काम स्वतंत्रपणे येते तेथे खूण करावी. युद्धकाळातील त्या योजनेत असा तक्ता वापरीत. ज्या स्तंभात एकच खूण असेल, ते काम त्या एका माणसाच्या प्रकृतीवर अवलंबून आहे, हे मालकास तत्काळ दिसेल. ती एकमेव खूण बहुतेक स्तंभांत मालकाचीच निघाली, तर पुढील कार्याची दिशा आपोआप ठरेल.

दुसरी: निवडक दोन-तीन माणसांसाठी आठवड्यातून अर्धा तास राखून ठेवावा. या अर्ध्या तासात दूरध्वनी बंद असावा आणि मालकाने निम्म्याहून कमी बोलावे.

तिसरी: शिकणाऱ्याने एक वही ठेवावी. घेतलेला निर्णय, त्याची कारणे, अपेक्षित फळ, आणि तीन महिन्यांनी प्रत्यक्षात आलेले फळ, अशी तिची चार सदरे असावीत. रोजकीर्दीवाचून जशी पैशाची स्थिती समजत नाही, तशी या वहीवाचून विवेकाची प्रगती समजत नाही.

चौथी: हे कार्य व्यापारी संघाने सामुदायिक रीतीने हाती घ्यावे. दहा पेढ्यांतील दहा होतकरू माणसे, दोन-दोन तासांच्या पाच बैठका, आणि शिकविणारे आपल्यातीलच दोन अनुभवी सभासद, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. त्या दहांपैकी प्रत्येकाने पुढे आपल्या पेढीवर दोघांना घडविले, तरी वर्षभरात तीस माणसांची फळी उभी राहील. यास इमारत लागत नाही, देणगी लागत नाही. वडीलधाऱ्यांचा वेळ तेवढा लागतो.

पेढीची परीक्षा ताळेबंदाने होते हे खरेच. पण आणखी एक सोपी परीक्षा आहे. मालकाने महिनाभर परगावी जावे व रोज विचारपूस करू नये. परत आल्यावर गिऱ्हाइके टिकली, बाकी वसूल झाली, आणि अनुपस्थितीत झालेले निर्णय वहीत कारणांसह नोंदलेले सापडले, तर त्या पेढीत नेतृत्व तयार होत आहे असे खुशाल समजावे. महिनाभर जाणे आज शक्य नसेल तर आठ दिवस जाऊन पाहावे. सभासदांनी पुढील वार्षिक सभेपूर्वी हा प्रयोग एकदा तरी करावा आणि आलेला अनुभव, मग तो अनुकूल असो की प्रतिकूल, संघास अवश्य कळवावा, एवढीच आमची विनंती.